भाऊचा धक्का ते मोरा लाँच: तिकिटाआधी तिथी बघा

मुंबईहून उरणला जायला 12 जानेवारी 2024 पासून अटल सेतू आहे, नेरूळ-बेलापूरहून लोकलही उरणपर्यंत जाते. तरी माझगाव, डॉकयार्ड रोड, मस्जिद बंदर या भागात काम असेल तर भाऊच्या धक्क्याहून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणारी लाकडी लाँच आजही सोयीची आहे. पाऊण ते एक तासात पलीकडे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. ही मात्र हवामान फारच बिघडलं नाही तर चालू राहते. पावसाळी भाडं जास्त असतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

या सेवेची खरी दुखरी जागा म्हणजे मोऱ्याचा गाळ. आडोशाच्या खाडीत पाणी संथ होतं, त्यातली बारीक माती तळाशी बसते. ड्रेजिंग करून काढलेला गाळ पुन्हा भरतो. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याजवळ इतकं कमी पाणी उरतं की लाँचचा पंखा चिखलात रुततो आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत गाळ शिरून इंजिन तापतं. त्यामुळे फेऱ्या थांबवतात, आणि पाणी चढेपर्यंत दोन तास तरी जातात.

कोळ्यांचा जुना हिशेब इथे कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराला ओहोटी. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असल्याने पाणी फार उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी येते, म्हणून सगळ्यात खोल ओहोटी सकाळी-संध्याकाळी पाच ते सातच्या आसपास, नेमकी नोकरदारांच्या वेळेला. पुढचे दोन दिवसही तसेच, वेळ मात्र रोज पाऊण तास पुढे सरकते. त्या दिवसांत संध्याकाळी परतायचं असेल तर लोकल धरा.

वाटेत लाँच बंदराची मुख्य वाट ओलांडते. डावीकडे जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, मागे घारापुरी, समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन. तीनशे मीटरहून जास्त लांबीचं कंटेनर जहाज खोदलेल्या वाटेतून बाजूला होऊ शकत नाही, चटकन थांबतही नाही, आणि डेकवर रचलेल्या कंटेनरांमुळे नाळेसमोरचं (नाळ म्हणजे पुढचं टोक) बरंच पाणी त्याच्या कप्तानाला दिसतच नाही. म्हणून थांबायचं ते लाँचनेच. जहाजाने पाच आखूड भोंगे दिले तर त्याला लाँचचा इरादा कळलेला नाही, असा अर्थ. चांगला सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, त्याआधीच वेग कमी करून जहाजाच्या मागून जातो. जहाज गेल्यावर काही मिनिटांनी त्याच्या लाटा येतात. त्या आडव्या लागू नयेत म्हणून सारंग नाळ लाटेकडे वळवतो. त्या वेळी उभं राहू नका, सगळे एका कठड्याला तर मुळीच जाऊ नका.

18 डिसेंबर 2024 ला याच बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. लाइफ जॅकेट घाला, पट्टे कमरेशी आवळा. सैल जॅकेट पाण्यात गळ्यावर चढतं. उकाड्यामुळे लोक ते मांडीवर घेऊन बसतात, हे चूक आहे.

जागा मधली, उघड्या कडेची घ्या. नाळेकडे तुषार उडतात, मागे डिझेलचा धूर. पावसात कडेच्या ताडपत्र्या सोडतात. बांधलेल्या ताडपत्रीतून घाईत बाहेर पडता येत नाही, तेव्हा तिची गाठ कुठे आहे ते बसतानाच बघून ठेवा. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत असतात. सामान खलाशाकडे द्या, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि लाट लाँचला वर उचलेल त्या क्षणी पाऊल टाका.

मोऱ्याहून उरण शहरात रिक्षा मिळते. उतरल्याबरोबर परतीची शेवटची लाँच खिडकीवर विचारा. ओहोटीच्या दिवशी नेहमीचं वेळापत्रक धरून चालत नाही.