प्लेको: चिनीच्या वर्गात काय चालू ठेवायचं, काय बंद

चिनी शिकायला लागलेल्याच्या फोनवर आठवड्याभरात प्लेको हे चिनी-इंग्रजी कोशाचं ऍप येतंच. कोश म्हणून त्याला नावं ठेवायला फारशी जागा नाही. मोफत ऍपमध्येच प्लेकोचा स्वतःचा कोश आणि सी-सी-सीडिक्ट असे दोन कोश मिळतात, आणि ते इंटरनेट नसतानाही चालतात. नोंद उघडली की ते अक्षर कोणत्या घटकांचं बनलंय आणि कोणकोणत्या शब्दांत येतं, हे शेजारच्या टॅबमध्ये दिसतं. गडबड होते ती हेच ऍप वर्गात जसंच्या तसं हाती दिल्यावर. प्लेको उत्तर फार लवकर देतं, आणि शिकवणाऱ्याला ते जरा उशिरा द्यायचं असतं. म्हणून हे परीक्षण ऍपइतकंच त्याच्या सेटिंगचंही आहे.

सुरुवातीचे दोन आठवडे आवाजाचे. पिनयिन ही चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची, चीनने १९५८ साली स्वीकारलेली पद्धत, पण ती इंग्रजीच्या सवयीने वाचली की घात होतो. पिनयिनच्या ‘बी’चा उच्चार ब नाही, प आहे. ‘पी’ म्हणजे फ (फणसातला, ओठ मिटून, ‘फोन’मधला नव्हे), ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. त्यामुळे राजधानीचं नाव ‘बीजिंग’पेक्षा ‘पेय्-चिंग’च्या जवळ जातं. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला घोटून घ्यावा लागतो, मराठी मुलाला तो बाराखडीआधीच येत असतो. आणखी एक घरचा फायदा: ‘झेड’ म्हणजे चोर-चुलीतला च, ‘जे’ म्हणजे जवळपास चिमणीतला. ‘सी’साठी त्या चोरातल्या च ला श्वासाचा जोरदार धक्का द्यायचा. प्लेकोत मराठी कोश नाही, त्यामुळे यातलं काहीच ऍप सांगणार नाही. हा तक्ता आधी फळ्यावर यावा आणि मगच मुलांनी स्पीकरचं बटण दाबावं. जीभ मागे वळवून काढायचे ‘झेड-एच’, ‘सी-एच’, ‘एस-एच’ मात्र मराठीतून फुकट मिळत नाहीत. दोन टिंबांचा ‘यू’ही नाही. तो शोधायला ‘व्ही’ टाइप करायचा. साधा ‘यू’ टाकून ‘स्त्री’ शोधणाऱ्याला भलतेच शब्द मिळतात आणि त्याला वाटतं, कोशच अपुरा आहे.

टोन म्हणजे अक्षर उच्चारताना सुराचा चढउतार, तो बदलला की अर्थ बदलतो. टोनसाठी प्लेको रंग वापरतं: पहिला लाल, दुसरा हिरवा, तिसरा निळा, चौथा जांभळा, हलका टोन करडा. दिसायला छान. पण अक्षरांवरचा रंग सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा आणि हवा तर पिनयिनवर ठेवावा. अक्षरच रंगीत असलं की विद्यार्थी रंग वाचतो, आणि छापील पानावर अक्षरं काळीच असतात. ‘माय’ तिसऱ्या टोनमध्ये विकत घेणं, चौथ्यात विकणं. इथे निळ्या-जांभळ्याच्या भरवशावर राहिलेला दुकानात उलटा सौदा करून येईल.

दुसरी गोची आवाजाची. दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिल्याचा दुसरा होतो. ‘नी हाव’ (नमस्कार) कोशात तिसरा-तिसरा असतं, तोंडात दुसरा-तिसरा. अख्ख्या शब्दाचं रेकॉर्डिंग वाजतं तेव्हा हा बदल ऐकू येतो. सुटी अक्षरं जोडून आवाज वाजतो तेव्हा येत नाही, आणि मुलं तेच यांत्रिक हेल उचलतात. शिवाय सुटा तिसरा टोन खाली जाऊन वर येतो (आवाजाची उंची १ ते ५ अशी मोजली तर २-१-४), पण पुढे तिसरा सोडून कोणताही टोन आला की तो खालीच राहतो (२-१). हे एकेका शब्दावर बटण दाबून कळत नाही, वाक्यातच शिकवावं लागतं.

प्लेको ऐकवतं, पण तुमचं ऐकून चूक सांगत नाही. त्यासाठी जोडीला प्राट घ्यावं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. नमुन्याचा आवाज आणि विद्यार्थ्याचा आवाज एकाखाली एक उघडून सुराची, म्हणजे आवाजाची उंची दाखवणारी, रेघ जुळवायची. रेघ कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत शोधायची, ती पट्टी हाताने लावायची: पुरुषांसाठी साधारण ७५ ते ३०० हर्ट्‌झ, बायकांसाठी १०० ते ५००. तसं केलं नाही तर रेघ मध्येच सप्तकभर उडी मारते. तिसऱ्या टोनच्या तळाशी आवाज घोगरा होतो आणि रेघ तुटते. ती चूक नव्हे, चिनी माणसाचीही तुटते. हे आधी सांगितलं नाही तर मुलं तुटलेली रेघ जोडायच्या नादात टोन बिघडवतात.

आता पैसे देऊन घ्यायच्या भागाकडे, म्हणजे फ्लॅशकार्डांकडे. शिक्षकाने धडा स्वतः बांधून द्यावा. त्यासाठी साधी टेक्स्ट फाइल लागते. पहिल्या ओळीत दोन तिरक्या रेघा आणि धड्याचं नाव, की त्याचा वेगळा गट होतो. पुढे दर ओळीत तीन रकाने: अक्षरं, टोनच्या आकड्यासह पिनयिन, अर्थ. रकान्यांमध्ये टॅब, स्पेस नाही. स्पेस दिली की सगळं एका रकान्यात गोळा होतं. फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत साठवायची, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. गूगल शीट्समध्ये तक्ता करून टॅबने विलग केलेली फाइल उतरवून घेतली की दोन्ही प्रश्न मिटतात.

तिसऱ्या रकान्यात मराठी लिहायला हरकत नाही, उलट तिथेच या कामाचा खरा फायदा आहे. मोठ्या भावाला, धाकट्या भावाला, मोठ्या बहिणीला, धाकट्या बहिणीला चिनीत चार वेगळे शब्द आहेत. इंग्रजी अर्थ दोनच देतो. ‘दादा’, ‘ताई’ लिहिलं की काम झालं. फाइल आत घेताना अर्थ कोशातून घ्यायचा की फाइलमधून, हा पर्याय फाइलच्या बाजूने वळवावा, नाहीतर तुमचं मराठी बाजूला पडून इंग्रजीच दिसेल. पिनयिनचा रकाना कंटाळा करून मोकळा सोडू नये. एकच अक्षर ‘छांग’ (लांब) आणि ‘चांग’ (वाढणं) असं दोन प्रकारे वाचलं जातं, आणि अशा ठिकाणी चुकीचं कार्ड गळ्यात पडतं.

दर धड्याला पंधरा कार्डं, दिवसाला नवी दहाच. दहा नव्या कार्डांची उजळणी काही आठवड्यांत रोज सत्तर-ऐंशीवर जाते, आणि वीस-तीस नवी घेणारे तिथेच धाप लागून सोडतात. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची अख्खी शब्दयादी एका दमात आत ओतणं हाही तसलाच उत्साह: २०१० च्या आराखड्यात चौथ्या पातळीलाच १२०० शब्द आहेत. चाचणीचे दोन प्रोफाइल पुरेत. एकात फक्त आवाज ऐकवून अर्थ विचारायचा, दुसऱ्यात मराठी अर्थ दाखवून अक्षर कागदावर लिहायला लावायचं. स्वतःच गुण द्यायचे असल्याने मुलं स्वतःशी फार उदार होतात. म्हणून वर्गात नियम एकच: टोन चुकला की कार्ड चुकलं.

मजकूर वाचण्याचा भाग सहा महिन्यांआधी देऊ नये. चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. बोट ठेवलं की ऍप तिथून सुरू होणारा लांबात लांब शब्द उचलतं. ‘येन-च्यू-षंग-मिंग’ म्हणजे जीवनाचं संशोधन करणं (येनच्यू, षंगमिंग), पण ऍप ‘येनच्यूषंग’ उचलून ‘पदव्युत्तर विद्यार्थी’ सांगतं आणि ‘मिंग’ एकटा उरतो. म्हणून आधी छापील उताऱ्यावर पेन्सिलीने शब्द तोडायचे, मग फोनवर पडताळायचे. चूक कुठे झाली यावर वर्गात जी चर्चा होते, तिच्यात व्याकरणाचा अर्धा धडा उरकतो.

बोटाने अक्षर लिहून शोधण्याची सोय उत्तम आहे, पण रेघांचा क्रम चुकला तरी ती अक्षर ओळखते. म्हणजे शोधायला चांगली, लिहायला शिकवायला निरुपयोगी. क्रमासाठी ऍनिमेशन वेगळं आहे: एकदा पाहावं, फोन उपडा ठेवावा, मग चौकटीच्या वहीत लिहावं. ‘वेइ’ (अजून नाही) आणि ‘मो’ (शेवट) या दोन्हींत पाचच रेघा. वरची आडवी लांब की खालची, एवढाच फरक. तो डोळ्यापेक्षा हाताला आधी कळतो.

कॅमेऱ्याने वाचणं प्रवासात कामाचं, वर्गात नको.

खरेदी एकदाच करायची असते, दरमहा हप्ता नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी फ्लॅशकार्डं, मग रेघांचा क्रम, मग वाचन. कॅमेरा शेवटी, आणि मोठे परवानाधारक कोश एचएसकेच्या पाचव्या पातळीपर्यंत लागत नाहीत. कार्डांचा बॅकअप हाताने घ्यावा, दर रविवारी, फोनबाहेर. फोन गेला तर कार्डं परत बनवता येतात, वर्षभराच्या उजळणीची नोंद नाही.