हट्टी बारीक पिंपल्ससाठी अडापालीन जेल, इंदूरच्या हवेत वापरून झालेलं मत

ज्यांना पिंपल्स खूप नाहीत पण जातही नाहीत, म्हणजे कपाळावर बारीक दाणे, हनुवटीवर दर महिन्याला एकदोन लाल फोड, आणि तिशी आली तरी लग्नाकार्यात कोणीतरी आत्याबाई हटकून विचारतेच की अगं अजून येतात का, त्यांच्यासाठी लिहितेय. ज्यांना मोठ्या दुखऱ्या गाठी येतात, खड्डे पडतात, त्यांचं प्रकरण वेगळं, त्यांना गोळ्या लागू शकतात, त्यांनी जेलच्या भरवशावर थांबू नये.

माझं औषध म्हणजे रात्री अडापालीन ०.१ टक्के जेल, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के (हे जंतू मारणारं औषध). मागच्या पावसाळ्यापासून चालू आहे, आणि पहिल्यांदा कपाळावर हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. नवीन फोड येतो अधूनमधून, पण तो एकटाच येतो आणि लवकर बसतो.

आधी डॉक्टरांबद्दल, कारण अर्धं श्रेय त्यांचं आहे. तिलक नगरकडच्या एका स्किनच्या मॅडम आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो केसांना तेल कोणतं आणि कधी लावते हा. तेल रात्रभर राहिलं की कपाळावर उतरतं आणि तिथली छिद्रं बुजतात, म्हणून दाणे केसांच्या कडेलाच जास्त. मग खाज येते का (येत असेल आणि सगळे दाणे एकसारखे असतील तर ते बुरशीचं असू शकतं, त्यावर हे औषध चालत नाही), पाळी वेळेवर येते का, घरात बाळाचा विचार आहे का. हे शेवटचं प्रत्येकीला विचारलंच पाहिजे, कारण अडापालीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड (म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुळातली) औषधं गरोदरपणात टाळतात. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा.

आता जेल करतं काय. पिंपल दिसायच्या कितीतरी आठवडे आधी आत छिद्रात मेलेल्या पेशी आणि तेल साचून बूच बसलेलं असतं. अडापालीन ते बूच बनूच देत नाही. म्हणून ते आलेल्या फोडावर टिपक्यासारखं लावायचं औषध नाहीये, अख्ख्या चेहऱ्याला लावायचं, आणि तेसुद्धा वाटाण्याएवढंच. आणि म्हणूनच वेळ लागतो, ८ ते १२ आठवडे. पहिल्या महिन्यात उलट जास्त फोड आल्यासारखं वाटतं, स्किन सोलते, नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे चुरचुरतात. बहुतेक लोक इथेच सोडून देतात, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण ज्या औषधाने फरक पडला असता ते ट्यूब अर्धी असतानाच कपाटात जातं आणि मग हजाराचं सिरम येतं. मॅडमनी सुरुवातीला एक दिवसाआड लावायला सांगितलं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, आधी साधं मॉइश्चरायझर मग जेल मग परत मॉइश्चरायझर. असं केलं की सहन होतं.

ट्रेटिनॉइन का नाही हेही विचारलं होतं मी. ते जुनं आणि चांगलं औषध आहे पण चुरचुर जास्त, उजेडात खराब होतं आणि साध्या ट्रेटिनॉइनचं बेन्झॉइल पेरॉक्साइडशी जमत नाही. अडापालीनचं जमतं, दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फायदा म्हणजे त्याला जंतू सरावत नाहीत. २.५ टक्के पुरतं, १० टक्क्याच्या मागे लागू नका, कोरडेपणा तेवढा वाढतो. तोटा एकच आणि तो मोठा आहे, कपड्यांचा रंग उडतो. आमच्याकडे उशीचे अभ्रे आणि टॉवेल आता पांढरेच असतात, आईने तसा हुकूमच काढलाय.

क्लिंडामायसिन जेल एकटं लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. ते अँटिबायोटिक आहे, सुरुवातीला छान वाटतं, पण एकटंच लावत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं आणि महिनोन्महिने नको.

इंदूरची हवा म्हणाल तर थंडीत इथे स्किन आधीच कोरडी, तेव्हा मी जेल आठवड्यातून तीनदाच लावते. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरवर पलासियापर्यंत जायचं तरी सनस्क्रीन आणि स्टोल दोन्ही. आणि रंगपंचमीच्या गेरला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) राजवाड्यावर जाणार असाल तर चार-पाच दिवस आधीपासून जेल बंद ठेवा, सोललेल्या स्किनवर तो रंग आणि वरून ऊन, फार आग होते, आणि मग घासून रंग काढताना अजून वाट लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलवाल्याला नुसतं "पिंपल्सचं क्रीम द्या" म्हणू नका. माझ्या मामेबहिणीला लग्नाआधी एका दुकानातून असंच एक क्रीम मिळालं, आठवड्यात चेहरा उजळ आणि साफ, सगळे खूश. त्यात स्टिरॉइड होतं. सोडलं की लाल, खाजरा चेहरा आणि आधीपेक्षा दुप्पट पुरळ, आणि लावत राहिलं तर स्किन पातळ होते, लव वाढते. तिचं निस्तरायला मॅडमनाही बरेच महिने लागले. अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत हा नियम आहे, २०१८ मध्ये सरकारने त्या यादीत आणखी बरीच स्टिरॉइडं घातली, तरी काउंटरवर मिळतात. ट्यूबवरची बारीक नावं वाचा, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर परत करा.

डागांवर मात्र अडापालीन हळू आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ स्किनवर फोड जातो आणि काळा डाग महिनोन्महिने राहतो. त्यासाठी मला नंतर ॲझेलिक ॲसिड २० टक्के क्रीम दिलं, पहिले काही दिवस मुंग्या आल्यासारखं होतं पण डाग खरंच फिके होतात. शिवाय बाळाचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर सहसा हेच देतात, त्यामुळे अशा मैत्रिणींनी डॉक्टरांकडे आधी याचं नाव काढावं.