पिवळी पिन की हिरवी-निळी-लाल?

अनेक डीव्हीडी प्लेअरच्या मागे टीव्हीला चित्र पाठवायच्या दोन्ही सोयी असतात, एक पिवळी पिन आणि दुसरी हिरवी-निळी-लाल, तरी लोक पिवळी पिन खोचून मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं. पिवळ्या वायरमधून, म्हणजे कंपोझिटमधून, उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते नीट जमत नाही, म्हणून लाल अक्षरांच्या कडेने मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात.

कंपोनंटमध्ये, म्हणजे हिरवी-निळी-लाल या तीन वायरींच्या जोडणीत, हिरवी वायर उजेड नेते, तर निळी आणि लाल या दोन वायरी रंगाची माहिती नेतात. मुंग्या गायब! शिवाय कंपोझिट ५७६आय किंवा ४८०आयवर थांबतं, कंपोनंट १०८०आयपर्यंतही जातं (आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या रेघा, आणि 'आय' म्हणजे त्या एकाआड एक काढल्या जातात).

मात्र कंपोनंटमधून आवाज जात नाही. त्यासाठी लाल-पांढरी जोडी वेगळी लावावी लागते, म्हणजे लाल पिना दोन होतात. त्यांची अदलाबदल झाली की रंग बिघडतात नि उजवा स्पीकर गुरगुरतो. लावण्याआधीच एकीला चिकटपट्टी गुंडाळा. चित्र कृष्णधवल दिसलं, तर निळी-लाल नीट बसली आहे का ते बघा.

व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र) असेल तर पिवळीच पुरे. प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारी जोडणी) असेल, तर सरळ तीच लावा.