मोटरहोममधले हायड्रॉनिक हीटिंग : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही आमच्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, डिझेलवर चालणारे हायड्रॉनिक हीटिंग बसवून घेतले, तेव्हा बेळगावच्या माणसाला हीटर कशाला, असे घरातल्या वडीलधाऱ्यांसह सर्वांनी विचारले. आमचा विचार दोन गोष्टींचा होता. दिवाळीत हिमाचलमधल्या किन्नौरमार्गे काझाला जायचे होते आणि पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी भागात मुक्काम करायचे होते, जिथे थंडीपेक्षा ओल अधिक छळते. या दोन्ही ठिकाणी यंत्रणेने उत्तम काम केले. तिच्या देखभालीबद्दल मात्र बसवताना कोणी पुरेसे सांगत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यात बर्नर हवा तापवत नाही, तर कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकोल या द्रवाचे मिश्रण, तापवतो. छोटा पंप ते कूलंट नळ्यांतून पलंगाखालच्या आणि बैठकीखालच्या कन्व्हेक्टरमध्ये, म्हणजे खोलीत ऊब सोडणाऱ्या पत्र्यांच्या जाळीत, फिरवतो आणि त्याच कूलंटवर अंघोळीचे पाणीही तापते. ऊब एकसारखी पसरते, घसा कोरडा पडत नाही आणि आवाजही कमी होतो. आमचा बर्नर पाच किलोवॅटचा आहे. पूर्ण ताकदीने चालला तर तासाला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक डिझेल पितो, पण एकदा गाडी तापली की तो स्वतःच मंद होतो.

काझा सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे आणि बेळगाव साधारण ७५० मीटरवर. उंचीवर हवा विरळ असल्याने तेवढ्याच डिझेलला प्राणवायू कमी पडतो आणि बर्नरमध्ये काजळी धरते. म्हणून घेतानाच उंचीप्रमाणे डिझेलची मात्रा कमी करणारा बर्नर निवडला होता. तिथे रात्री पारा शून्याखाली गेला तरी आत आम्ही एका पांघरुणावर झोपलो, आणि या खर्चाचे तेव्हाच समाधान वाटले.

खरी अडचण परतल्यावर आली. दिवाळीनंतर गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला हीटर लावला, तर पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास आणि दोन प्रयत्नांनंतर यंत्रणा बंद. उद्यमबागेतल्या ज्या मिस्त्रींकडे आम्ही वर्षानुवर्षे गाड्या नेतो, त्यांनी सगळ्यात आधी बर्नरला हवा नेणारी नळी सोडवून हातात घेतली. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. बोटाने टोकरल्यावर लाल मातीचे तीन कप्पे गळून पडले. त्यामागोमाग डिझेल पेटवणाऱ्या ग्लो प्लगच्या भोवतीची जाळी निघाली, ती वाळलेल्या डिझेलच्या चिकट थराने काळी पडली होती. मिस्त्री म्हणाले, "सावकार, हे चालवून खराब होत नाही बघा. उभी करून ठेवलासा, म्हणून झालंय." त्यांचे हे म्हणणे मला पूर्णपणे पटले आहे. आपल्या हवामानात हीटरला वर्षातले आठ-नऊ महिने काहीच काम नसते, आणि हेच त्याच्या बिघाडाचे मोठे कारण आहे. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन असो वा नसो, वीस मिनिटे हीटर पूर्ण ताकदीवर चालवतो. त्याने पंपही अडकत नाही आणि बर्नरमधला थर जळून जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना आता बारीक स्टीलची जाळी आहे. मात्र जाळी बसवली म्हणजे काम संपले असे समजू नये. तिच्यावर चिखल बसला की हवा पुन्हा कोंडते, म्हणून सुरू करण्यापूर्वी ती पाहावीच लागते.

दुसरी गोष्ट कूलंटची. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की घागरीच्या तळाशी पांढरा थर धरतो. तेच पाणी यंत्रणेत घातले तर तो थर नळ्यांत आणि बर्नरच्या आवरणात बसेल. म्हणून ग्लायकोल नेहमी डिस्टिल्ड पाण्यातच निम्मे-निम्मे मिसळावे. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि गोठण्याची भीती नसलेल्या आपल्या भागातही ते हवेच, कारण त्यातली रसायने ॲल्युमिनियमला गंज लागू देत नाहीत. ती रसायने झिजतात, म्हणून साधे कूलंट दोन वर्षांनी आणि दीर्घकाळ टिकणारे पाच वर्षांनी बदलतात. रंगावरून जात ओळखू नये आणि दोन जाती मिसळू नयेत. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंबभर ठेवून उजेडाकडे पाहिले की गोठणबिंदूची रेघ दिसते. हे साधन फार महाग नाही.

कूलंट भरल्यानंतर कन्व्हेक्टरमध्ये गुरगुर ऐकू आली, म्हणजे हवा अडकली होती. गाडी पुढून थोडी उंच करून, पंप चालू ठेवून, सर्वांत लांबच्या कन्व्हेक्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. आधी फसफस आणि थेंब, मग बुडबुड्यांविना सलग धार आली, तेव्हा घट्ट केला. कूलंटच्या टाकीचे झाकण मात्र यंत्रणा थंड असतानाच उघडावे, नाहीतर उकळते कूलंट अंगावर उडते.

जुलैमध्ये कणकुंबीला पलंगाखाली किंचित गोडसर वास आला. नळीच्या क्लिपखाली बोट फिरवले तर तेलकट ओल लागली. तापून-थंडावून रबर बसते आणि क्लिप सैल होते. स्प्रिंगची क्लिप घातल्यापासून गळती नाही. इथिलीन ग्लायकोल गोड असते, पण विषारी. कुत्र्यामांजरांनी चाटले तर जीव जाऊ शकतो, म्हणून सांडलेले लगेच पुसून अंगण पाण्याने धुतले.

बॅटरीबद्दल एकच सूचना. बर्नर बंद केला तरी त्याचा पंखा आणि पंप पुढची दोन-तीन मिनिटे गरम भाग थंड करत राहतात. तेवढ्यात बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तर बर्नरच्या आत उष्णता कोंडते. घरातल्या लहानग्यांच्या हाताला तो स्विच सहज लागत होता, म्हणून त्यावर झाकण बसवले. झोपण्याच्या जागेशेजारी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्मही लावला आहे, आणि महिन्याच्या त्या रविवारी त्याचेही बटण दाबून पाहतो.