न्यू जर्सीतला लाकडी डेक: दुरुस्तीनंतरचे चौदा महिने

आमच्या घरामागचा डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा लाकडी ओटा, 12 बाय 16 फुटांचा. घरासोबतच मिळालेला, आधीच्या मालकांनी 1994 मध्ये बांधून घेतलेला. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याची दुरुस्ती केली. आता दोन उन्हाळे आणि एक पूर्ण हिवाळा झाला, तेव्हा काय टिकलं आणि काय फसलं ते सांगता येईल.

सुरुवातीचा बेत नुसता फळ्या बदलायचा होता. जुन्या फळ्या राखाडी पडलेल्या, कडांना वळलेल्या, आणि आईच्या तळपायात दोनदा लाकडाचं कुसळ गेलेलं. शनिवारी सकाळी घराला चिकटलेली पहिली फळी उचकटली आणि बेत बदलला. डेकची घराकडची बाजू भिंतीला ठोकलेल्या ज्या आडव्या तुळईवर टेकते, जिला इकडे लेजर म्हणतात, तिच्यात पेचकस टोचला तर श्रीखंडात चमचा जावा तसा आत गेला. तुळईच्या वर पाणी बाहेर वळवणारी पट्टीच नव्हती. तीस वर्षं भिंतीवरून ओघळलेलं पावसाचं पाणी मागच्या फटीत मुरत होतं. त्यावर कळस म्हणजे तुळई नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली, एकही बोल्ट नाही. दर गणपतीत आरती झाली की पंचवीस माणसं याच डेकवर प्रसादाच्या वाट्या घेऊन उभी राहायची, हे आठवून मी थोडा वेळ खालीच बसलो. 2015 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले, तिथेही आतले वासे पाणी मुरून कुजलेले निघाले होते.

मग गावाच्या कार्यालयातून परवाना काढला आणि तुळई बदलायला माणूस बोलावला. नवीन तुळई अर्धा इंची बोल्टांवर बसली, वर पट्टी आली. पट्टी ॲल्युमिनियमची घेऊ नका. कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या हल्लीच्या लाकडात तांब्याचा अंश असतो, तो ॲल्युमिनियम खातो. साधे लोखंडी स्क्रूही त्यात लवकर गंजतात. जाड जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेसचेच हवेत. खांब आणि त्यांचा पाया मात्र उत्तम निघाला. इथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, त्यामुळे पाया उथळ असला की खांब वर ढकलले जातात. आधीच्या मालकांनी तिथे कंजुषी केली नव्हती. तीन वाशांची टोकं मऊ झाली होती, त्यांच्या शेजारी नवे वासे जोडले. सगळ्या वाशांच्या माथ्यावर काळी चिकट टेप लावली, म्हणजे स्क्रूच्या भोकातून पाणी लाकडात उतरत नाही. चौदा महिन्यांनी एक फळी मुद्दाम काढून पाहिली. टेपखाली लाकूड कोरडं खडखडीत. एवढ्या खर्चात मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच, आणि ती कुणाला दिसतही नाही.

फळ्या मी स्वतः बसवल्या. सव्वीस फळ्या, दर 16 इंचांवर वासा, प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू, म्हणजे सातशेच्या आसपास. गुडघ्यांनी महिनाभर आठवण ठेवली. इथे माझी चूक झाली. दुकानातून आलेल्या पाइनच्या फळ्या ओल्या, जड होत्या, तरी मी दोन फळ्यांत खिळ्याएवढी फट सोडली. ऑगस्टपर्यंत फळ्या सुकून आकसल्या आणि फट दुप्पट झाली. आईची कुडी त्यातून खाली गेली ती आजवर सापडलेली नाही. ओल्या फळ्या जवळपास भिडवूनच बसवायच्या, फट आपोआप पडते.

प्लास्टिकमिश्रित फळ्यांचाही विचार केला होता. दर दुपटीहून जास्त, पण तो मुद्दा नव्हता. शेजाऱ्यांकडे जुलैत दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवलं आणि उडीच मारली. आमच्याकडे चपला दाराशीच राहतात.

आता रंगाचं. फळ्यांना मी सप्टेंबरपर्यंत हात लावला नाही. पाण्याचे थेंब टाकून पाहायचो. थेंब वर मोत्यासारखे राहिले की थांबायचं, शोषले गेले की लाकूड तयार. मग लाकडात मुरणारं, अर्धपारदर्शक तेलाचं स्टेन एकच पातळ हात दिलं. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. मी त्या पसरून उघड्यावर वाळवल्या. हे स्टेन आता दक्षिणेच्या बाजूला फिकं झालंय, पण कुठेही सुटलेलं नाही. धुऊन, वाळवून वर पुन्हा हात मारला की झालं.

पायऱ्या मात्र जुन्याच ठेवल्या, आणि त्यांवर दुकानदाराच्या आग्रहाने भेगा बुजवणारा जाड रंग लावला. ऑक्टोबरात नव्यासारख्या दिसत होत्या. मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि रंगाचे पापुद्रे निघाले, पुरीचा पापुद्रा सुटावा तसे. खालून लाकडात शिरलेलं पाणी त्या थरामुळे बाहेरच पडत नाही.

जुन्या लाकडाबद्दल एक गोष्ट. 2003 संपेपर्यंत घरगुती डेकच्या लाकडात आर्सेनिकयुक्त संरक्षक सर्रास असायचं. आमचं त्यातलंच. एक मित्र त्या फळ्यांचे भाजीचे वाफे करणार होता, त्याला नाही म्हटलं. असलं लाकूड शेकोटीतही घालायचं नसतं, विष धुरात आणि राखेत उतरतं. सगळ्या फळ्या कचरा केंद्रावर दिल्या. आई डेकवर सांडगे घालते, तेही नव्या फळ्या असूनही प्लास्टिकवर. तिला हा अतिरेक वाटतो.

एप्रिलमध्ये कठड्याच्या खालच्या बाजूला भुंग्यांनी बोटभर रुंदीची गोल भोकं पाडली. तिथे मी स्टेन लावायचं टाळलं होतं, कोण बघतंय म्हणून. भोकं बुजवली, स्टेन लावलं.

पायऱ्यांचा रंग अजून खरवडतोय. सहापैकी चार झाल्या.