डेमुथच्या दोन चित्रमालिका: जलरंगात नाट्यप्रसंग रंगवायचा असेल, तर आधी कोणती अभ्यासावी?

आपल्याकडे जलरंग म्हटले की घाट, वाडे आणि पावसातली गल्ली डोळ्यांसमोर येते. कथा-कादंबरीतला प्रसंग जलरंगात उभा करू पाहणाऱ्याला अमेरिकन चित्रकार चार्ल्स डेमुथ (१८८३–१९३५) याच्याकडे जावेच लागते. फ्रेंच लेखक एमिल झोलाच्या ‘नाना’ या कादंबरीवरील चित्रे त्याने १९१५च्या सुमारास सुरू केली आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या कथेवरील पाच चित्रे १९१८मध्ये केली. दोन्ही मालिका कोणा प्रकाशकाच्या मागणीवरून नव्हे, तर स्वतःच्या हौसेने केलेल्या आहेत आणि दोन्हींतले कागद साधारण वहीच्या पानाएवढे आहेत.

‘नाना’ (आपल्याकडचे नाना नव्हेत, पॅरिसमधली नटी) या कादंबरीची सुरुवातच नाट्यगृहात होते. नानाला धड गाता येत नाही, तरी ती रंगमंचावर आली की प्रेक्षागृह खुळावते. प्रेक्षकांतला उमराव काउंट मुफा आ वासून पाहत राहतो आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल डाग उमटतात. डेमुथची रीत या डागांना जणू आधीच सरावलेली होती: पेन्सिलची किंचित थरथरती रेघ, तिच्या मर्यादेत न राहणारा ओला रंग, आणि तो वाळण्याआधी टिपकागदाने उचलल्यामुळे राहिलेला चट्ट्याचट्ट्यांचा पोत. या मालिकेची मोहिनी या दाट, कोंदट रंगात आहे आणि शिकणाऱ्याला धोकाही त्यातच आहे, कारण टिपकागद क्षणभर उशिरा टेकला की पोत येत नाही, नुसता चिखल होतो.

जेम्सच्या १८९८च्या भयकथेत नाट्यगृह कुठेच नाही. आहे ते गावाबाहेरचे मोठे घर, दोन मुले आणि एक गव्हर्नेस, म्हणजे त्यांना घरी शिकवणारी व सांभाळणारी बाई. तरीही मला हीच चित्रे अधिक नाटकी वाटतात. पात्रांमधले अंतर, कोण कोणाकडे पाहते आहे आणि कोण पाहणे टाळते आहे, यांवरच त्यांचा सारा ताण उभा आहे; कोऱ्या सोडलेल्या कागदाला येथे रिकाम्या रंगमंचाचे वजन येते. (स्वतः जेम्सला रंगभूमीने झिडकारले होते: जानेवारी १८९५मध्ये लंडनला त्याच्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.)

ज्याचा ओल्या रंगावर हात बसलेला आहे आणि ज्याला गर्दी, दिव्यांचा उजेड व देहांची जवळीक रंगवायची आहे, त्याने ‘नाना’ निवडावी. इतरांनी, विशेषतः दोन-तीन पात्रांचा प्रवेश रंगवू इच्छिणाऱ्यांनी, जेम्सपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चित्रांची नक्कल करताना कुठे थांबायचे हे कळते, आणि जलरंगात तेच सर्वांत उशिरा कळते.

मूळ चित्रे पाहण्यासाठी फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांची सोय अशी, की ‘नाना’ची अनेक चित्रे बार्न्स फाउंडेशन या तिथल्या कलासंग्रहात आहेत, तर जेम्सच्या मालिकेतली बहुतेक चित्रे त्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाकडे आहेत. मात्र उजेडाने जलरंग फिकट होत असल्याने संग्रहालये अशी कागदावरची चित्रे कायम भिंतीवर ठेवत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.