दोन कोटेशनं शेजारी ठेवल्यावर: कॉस्मेटिक सर्जरीचा खर्च कसा तोलावा

माझ्या मावसबहिणीला नाकाची सर्जरी करायची होती. दोन ठिकाणची कोटेशनं घेऊन ती माझ्याकडे आली. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास निम्मा. "मग विचार कसला करायचा?" तिने विचारलं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. महागड्या कागदावर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, रक्ततपासण्या, एक रात्र मुक्काम आणि वर्षभराच्या फेरतपासण्या असं सगळं वेगवेगळं लिहिलं होतं. स्वस्त कागदावर एकच ओळ: संपूर्ण पॅकेज. फोन केल्यावर कळलं की तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, आणि भूलतज्ज्ञ "गरज पडली तर बोलावू". हे सगळं मिळवल्यावर आकड्यांतला फरक बराच कमी झाला.

त्या "गरज पडली तर" वर मी अडून बसले. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो. सर्जनचं लक्ष नाकावर असताना श्वास, नाडी आणि ऑक्सिजनवर नजर ठेवणारा माणूस वेगळाच हवा. इथे वाचवलेला पैसा मला कुठल्याही हिशेबात पटत नाही.

बाकी बऱ्याच बाबतीत स्वस्त चालतं. मोक्याच्या जागेचं भाडं, चकचकीत रिसेप्शन, जाहिराती यांचे पैसे शेवटी पेशंटच भरतो. नीट प्रशिक्षण घेतलेला तरुण प्लास्टिक सर्जन कमी फी घेत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पदवी तपासा, कारण "कॉस्मेटिक सर्जन" ही पाटी अनेक देशांत वेगळं प्रशिक्षण न घेतलेला डॉक्टरही लावू शकतो.

इम्प्लांटचं प्रकरण निराळं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरलं होतं. २०१० मध्ये ते उघडकीला आलं, तोवर लाखो स्त्रियांच्या शरीरात ते बसलेलं होतं. पण नामांकित कंपनी म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनला आपली काही खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवावी लागली, कारण एका दुर्मीळ लिम्फोमाशी (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाशी) त्यांचा संबंध दिसला होता. म्हणून कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं कार्ड मागून घ्या. शिवाय इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. पुढेमागे ते बदलायचा किंवा काढायचा खर्च आजच हिशेबात धरा.

लायपोसक्शनमध्ये, म्हणजे चरबी शोषून काढण्यात, "एकाच वेळी चार भाग" अशी सवलत मोह घालते. ऑपरेशन जितकं लांबतं तितका धोका वाढतो, आणि पाच लिटरच्या पुढे काढायचं असेल तर रात्रभर देखरेख लागते. केसांच्या प्रत्यारोपणात डोक्यामागची मुळं मोजकीच असतात. एकदा वाया गेलेली मुळं परत येत नाहीत. त्यामुळे दर ग्राफ्टला (लावायच्या मुळांच्या एका पुंजक्याला) किती पैसे यापेक्षा ती मुळं काढतो कोण, हे आधी विचारा.

नाकाच्या बाबतीत सर्वांत महागडी ठरते ती दुसरी सर्जरी. सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं, म्हणून दुरुस्तीसाठीही साधारण तेवढं थांबावं लागतं. तोवर आत व्रणाच्या गाठी झालेल्या असतात, मधल्या पडद्याची कूर्चा आधीच वापरून झालेली असते, मग कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. "दुरुस्ती मोफत" म्हणजे बहुतेक वेळा फक्त सर्जनची फी माफ. थिएटर आणि भुलीचं काय, ते लेखी घ्या. परदेशात स्वस्तात करून घेणाऱ्यांना तर हा प्रवासही पुन्हा करावा लागतो.

दर्जा कसा ओळखायचा, ते आम्हाला फोटोंनी शिकवलं. स्वस्त ठिकाणी आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली, उतरलेल्या चेहऱ्याचा. नंतरचा मेकअप करून, हसताना. दुसरीकडे प्रकाश तोच, कोन तोच, आणि फोटो वर्षभरानंतरचे. तिथल्या डॉक्टरांनी नाकात लाइट घालून पाहिलं आणि सांगितलं, "तुमचा पडदा डावीकडे वाकलाय. नुसता आकार बदलला तर श्वास आणखी अडेल." स्वस्त ठिकाणी नाक फक्त बाहेरून पाहिलं होतं.

बहिणीला महागडं झेपणारं नव्हतं. तिने आणखी एक कोटेशन घेतलं. आकडा दोन्हींच्या मधला, क्लिनिक साधंच, पण डॉक्टरांनी नाक आतून तपासलं आणि कागदावर भूलतज्ज्ञाचं नाव लिहिलेलं होतं. तिने तारीख तिथली घेतली.